चिमीच्या ओळी

घरी त्याला दादा म्हणत आणि ऑफिसातही दादाच. याला कारण त्याची धाकटी बहीण. त्याच्या पाठोपाठ ती त्याच कंपनीत चिकटली आणि भर मीटिंगमध्ये म्हणाली, "दादा, तुझं चुकतंय." तेव्हापासून त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला दादा म्हणू लागली. ती मात्र घरीदारी चिमीच राहिली.

दोघांचं काम एकाच सॉफ्टवेअरवर. एक प्रोग्राम अनेकजण मिळून लिहीत असले, की कोणी काय बदललं याचा माग ठेवायचा आणि सगळ्यांचे बदल एकत्र जोडून द्यायचे, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. त्यातला जोडणीचा भाग चिमीने लिहिला होता. तिचा हात भराभर चालायचा. दादा पडला सावध. तो मागून तिच्या चुका वेचायचा. मग जुंपायची.

"अगं, वापरणाऱ्याला आधी विचारायला नको?"

"सारखं काय विचारायचं? खात्री आहे ना? नक्की ना? बघा हं! सॉफ्टवेअर आहे की आत्याबाई?"

कोडच्या ओळींमध्ये ती टिपा लिहून ठेवायची. पुढे काम करणाऱ्याला समजावं म्हणून टिपा लिहितात, पण हिच्या टिपा अशा: "इथे दादा रागावेल. रागावू दे." किंवा "हे का चालतं ते मलाही ठाऊक नाही. चालतंय तोवर हात लावू नका."

मग तिला रक्ताचा आजार झाला. दवाखान्यातही लॅपटॉप मांडीवर असायचा. पुढे पुढे तो तिला पेलवेना. एका सकाळी तिने तो मिटून दादाच्या हातात दिला आणि म्हणाली, "चार्ज करून आण रे." तो परत आला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे. पण जेवायला वाढताना ती हमखास विचारी, "तिचं ते चालू आहे ना अजून?"

"चालू आहे की. किती लोक वापरतात रोज." एवढं ऐकलं की तिला घास जायचा.

आणि मग तक्रारी यायला लागल्या. एकाने फाइलचं नाव बदललं आणि त्याच सुमारास दुसऱ्याने त्या फाइलमध्ये काही लिहिलं, तर जोडणीत दुसऱ्याचं लिखाण गायब व्हायचं. ना इशारा, ना प्रश्न. चूक चिमीच्याच ओळींत होती. दादाला ती पहिल्या तक्रारीलाच दिसली, पण त्याने त्या ओळींना हात लावला नाही. कुठली ओळ कोणी लिहिली हे दाखवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच होती. तो भाग उघडला की डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत तिचं नाव. ओळ बदलली की तिथे बदलणाऱ्याचं नाव येणार. म्हणून तो तिच्या ओळी तशाच ठेवून बाहेरून जादा ओळींचे टेकू देत राहिला. एक टेकू लावला की दुसरीकडून काहीतरी कलायचं, मग तिथे आणखी एक. त्यांच्या टीमची साहेबीण एकदा म्हणाली, "दादा, तुला जमत नसेल तर तो भाग मी नव्याने लिहिते." त्याने नकारार्थी मान हलवली, आणि विषय तिथेच राहिला.

एका दुपारी साहेबिणीने एक फोन त्याच्याकडे दिला. पलीकडे एक बाई होती, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी प्रोग्राम लिहिणारी. तिचं कितीतरी दिवसांचं काम गेलं होतं.

"मी भांडायला फोन नाही केला," ती म्हणाली. "माझंच सेव्ह करायचं राहिलं असेल का हो? सगळे तसंच म्हणतायत. मी माफीही मागितली सगळ्यांची."

दादाने तपासलं. मागे उरलेली जुनी प्रत तरी मिळायला हवी होती, पण तीही साफ झाली होती. ती साफ केली होती त्यानेच लावलेल्या एका टेकूने.

"तुमचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "चूक आमची आहे. आम्हाला ठाऊक होती."

"ठाऊक होती?" बाईने विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने चिमीचा भाग उघडला. साहेबीण खुर्ची ओढून शेजारी बसली. "जुन्या ओळी कुठे जाणार आहेत? मागच्या आवृत्त्यांमध्ये राहतातच की."

"राहतात. पण तिकडे कोण जातंय?"

आधी त्याने सगळे टेकू काढले. मग एकेक ओळ वाचून पुसत गेला. दादा रागावेल ही ओळ आली तेव्हा तो उठला, तोंड धुऊन आला, आणि तीही पुसली. नव्या जोडणीत दोघांचे बदल एकमेकांवर आले की काम थांबतं आणि वापरणाऱ्याला विचारलं जातं. एकदाच, एका वाक्यात. ते वाक्य आखूड करण्यात त्याचा सगळा दिवस गेला.

घरी आईने नेहमीप्रमाणे विचारलं. त्याला खोटं बोलवेना. "काढलं, आई. त्यात बिघाड होता. लोकांचं नुकसान होत होतं."

"कोणी काढलं?"

"मी."

आईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "दुसरं कोणी नव्हतं का रे करायला?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. तक्रारी थांबल्या. ऑफिसात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. असल्या कामात न बोलणं हीच शाबासकी.

बऱ्याच दिवसांनी, तो बूट घालत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

"ते नुकसान झालं म्हणालास. कोणाचं?"

त्याने शाळेच्या त्या बाईबद्दल सांगितलं.

"मिळालं का तिला परत?"

"नाही. पुन्हा पहिल्यापासून लिहितेय."

आईने विचारलं, "चिमीमुळे?"

"नाही, आई," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण चांगलं केलंस असं काही ती म्हणाली नाही. तो जिना उतरला. वर दार लागल्याचा आवाज त्याला आला नाही.