याच पाण्यातला मासा

कवठाळ्याच्या तलावावर मासे राखायला कोण बसवलंय, तर एक लिंगायत बाई! हे ऐकून जिंतूरच्या स्टँडवर माणसं पोट धरून हसायची. जिच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नाही, ती त्रिवेणीबाई बांधावरच्या पत्र्याच्या शेडात बसून माशांची लांबी मोजते म्हणे! पण मच्छीमार सोसायटीचा चेअरमन सिताराम भोई काही खुळा नव्हता. आधीचे दोन्ही राखणदार रोज संध्याकाळी पिशवी भरून घरी नेत होते. कुंपणच शेत खायला लागल्यावर माणसानं न खाणारं कुंपण शोधू नये तर काय करावं?

"वैनी, तुमी बसा," तो म्हणाला. "तुमच्या हातून एक खवला बी जायचा न्हाई."

तिनं लगेच हो म्हटलं. का म्हटलं, ते मात्र कुणाला कळलं नाही. मला कळलंय, म्हणून सांगतो.

चार वर्षांमागं तिचा नवरा राजशेखर मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला अडकलेलं शेवाळ काढायला याच तलावात उतरला, तो वर आलाच नाही. भोयांनी तीन दिवस जाळी ओढली. काही लागलं नाही. माती द्यायला देह नाही, तर माती तरी कशाला द्यायची? त्रिवेणीबाईचं सगळं तिथंच अडकून राहिलं. त्यात चौथ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर एक बाई तिच्या पाठीमागं हळूच म्हणाली, "आता कुठं सापडतंय माय? माशांनी ठिवलं असंल का?"

मेलीच्या जिभेला हाड नव्हतं. तेव्हापासून रविवारी गल्लीत मासे तळल्याचा वास आला, की त्रिवेणीबाई ताटावरून उठायची. दारं लावून बसायची. शेजारी हात चाटत बाहेर यायचे, तिच्याशी पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. माझ्या माणसाला खायलेत हे, असं तिच्या मनात यायचं. बोलणार कुणाला? म्हणून ती शेडात बसली. तलावातला एकेक मासा तिच्या डोळ्यांखालून जायचा. ती काडीनं त्याचं तोंड उघडून आत बघायची. आत काय दिसायला पाहिजे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शेडाच्या भिंतीवर हौशी गळवाल्यांसाठी सोसायटीचे नियम रंगवलेले होते. पास काढायचा. धरलेला मासा आमिष म्हणून गळाला लावायचा असेल, तर तो याच पाण्यातला पाहिजे. सोसायटीनं सोडलेलं कटला-राहूचं पिल्लू लावायचं नाही. दुसऱ्या पाण्यातला जिवंत मासा आणायचा नाही. त्याच्यासंगं रोग येतो, नाहीतर मांगूर येतो आणि सगळा तलाव फस्त करतो. बाईला हे तोंडपाठ. तहसीलदार येऊ दे नाहीतर त्याचा बाप, तिचा पहिला सवाल ठरलेला: "कुठल्या पाण्याचा हाय?"

पहिल्या उन्हाळ्यातच तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. याच तलावातला बारका मासा गळाला टोचून सोडला, की तो डावीकडंच जायचा. वारा कसाही असो, वरचं बूच पाण्यावरून सुळसुळत बुडालेल्या जुन्या गावाकडं निघायचं आणि एका ठिकाणी उभं राहायचं. त्या जागेच्या खाली जुन्या कवठाळ्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती. धरणाचं पाणी चढायच्या आधी गावानं तिच्यातला महादेव विधी करून उठवला आणि नव्या गावात नेला. देव उठलेल्या जागी पाय ठेवायचा नसतो, होडीसुद्धा न्यायची नसते, असा तिकडचा दंडक. दर माशानं तिकडंच का जावं? बाईच्या अंगावर काटा यायचा. पण तिनं त्याचा उपयोग करून घेतला.

पालमचे बन्सीधरशेठ काळा गॉगल लावून आले, संगं झाकणाचा डबा. "इथलाच हाय बाई, आत्ताच धरला," म्हणाले आणि गळ टाकला. बूच उजवीकडं गेलं, मध्येच भोवंडलं, पुन्हा माघारी आलं.

"ह्याला घर ठावं न्हाई," त्रिवेणीबाई म्हणाली. "खरं बोला शेठ, कुठल्या पाण्याचा आणला?"

शेठचा चेहरा खर्रकन उतरला. "दुधना नदीचा," ते पुटपुटले. बाईनं पास फाडला आणि डबा उन्हात पालथा केला. त्या दिवसापासून गळवाले तिला भ्यायला लागले. बाईला पाण्याखालचं दिसतंय, अशी बोलवा जिंतूरपासून झरीपर्यंत गेली.

खरं म्हणजे तिला काहीच दिसत नव्हतं. दाखवलं ते सिद्धोधननं. हा परभणीचा बँकेतला कारकून, दर रविवारी पहिल्या एसटीनं यायचा. शांत माणूस, कायद्यानं वागणारा. या वैशाखात एका दुपारी तो शेडाशी आला. हातात गळ, गळाला खवली माशाचं पोर, आणि ते टणटणीत जिवंत.

"ताई, एक सांगू का? लय दिवसांपासून सांगीन म्हणतोय. तिकडं गेलेला मासा तासभर पाण्यात ठेवला तरी जसाच्या तसा माघारी येतो. इथं मरळ हायेत, हातभर वाम हायेत. वाटंत कुठं बी गाठला, की लचका तोडतात. तिथं मातर कुणी तोंडच घालायना. अकरा बारीला बघितलंय मी."

त्रिवेणीबाईनं हातातली काडी खाली ठेवली.

"म्हंजे तिथं कुणी काही खात न्हाई?"

"न्हाई ताई."

तिनं पदर खोचला. "द्या तो गळ."

जन्मात माशाला बोट न लावलेली, त्याचं मापसुद्धा काडीनंच घेणारी बाई! तिनं ते वळवळणारं पोर मुठीत धरलं. आणि गळ फेकला. बूच डावीकडं निघालं. ना वारा, ना लाट. तरी ते ओळखीच्या घरी निघाल्यासारखं सरळ गेलं आणि बारवेवर थांबलं. तासाभरानं तिनं दोरी ओढली. पोर जिवंत होतं, अंगावर दाताचा ओरखडासुद्धा नव्हता.

ती तशीच सितारामच्या दारात गेली. तो ऐकून उठून उभाच राहिला. "वैनी, देव उठलेली जागा हाय ती. तवा बी आमी तिकडं जाळं टाकलं न्हाई. जायचं नसतंय."

"तिथंच टाकलं न्हाई?" बाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "चार वर्सं, सितारामभाऊ! सगळीकडं धुंडलं आन तिथंच टाकलं न्हाई?"

सितारामनं खुंटीवरचा दोर काढला.

तिसऱ्या प्रहरी होडी बारवेवर उभी राहिली. बांधावर सारं गाव जमलं होतं. सिताराम उतरला. दोर सुटत गेला, सुटत गेला आणि थांबला. तो वर आला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे झाले होते. होडी काठाला लागली.

"बसलेत वैनी," तो म्हणाला. "बारवेच्या कोनाड्यात, मांडी घालून. छातीपस्तोर गाळ हाय. गळ्यात लिंग तसंच हाय."

जमलेल्या लिंगायतांच्या अंगातून शिरशिरी गेली. त्यांच्यात माणूस गेल्यावर आडवा करत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसाच मातीत ठेवतात.

"भवताली बारके मासे हायेत," सिताराम म्हणाला. "लय. हलंनात. म्या हात घातला तरी हललं न्हाईत."

त्रिवेणीबाई मट्‌कन खाली बसली. चार वर्षांत न रडलेली बाई, तिनं असा हंबरडा फोडला की झाडावरचे बगळे उडाले. "खाल्लं न्हाई हो! माझ्या माणसाला कुणी खाल्लं न्हाई!"

बायकांनी तिला धरलं. कुणीतरी पोलीस पाटलाला बोलवायला पळालं. सिताराम तसाच ओलाचिंब तिच्यासमोर बसला, आणि तो भोयांचा चेअरमन, ज्याच्या घरात तीन पिढ्या रोज मासा शिजला, तो लहान लेकरागत मुसमुसायला लागला.

"वैनी," तो म्हणाला, "म्या बी जाळी ओढली त्या दिसापासून मासा खाल्ला न्हाई."