अंकुशरावांच्या फाईलीचं कुलूप

मादन हिप्परग्यात अंकुशरावांचा संशयी स्वभाव सगळ्यांना तोंडपाठ होता. गिरणीवाला सख्खा चुलतभाऊ, तरी दळण टाकलं की हे गिरणीला टेकून उभे. पिठानं पांढरे झाले तरी हलायचे नाहीत. अशा माणसाच्या हाती धनगर समाजाच्या वधू-वर मंडळाची किल्ली होती, आणि त्याचं लोकांना बरंच वाटायचं.

मंडळ म्हणजे बिरदेवाच्या देवळामागची एक खोली आणि तिच्यातला जुना कंप्युटर. आळंद, बसवकल्याण, उमरगा या पट्ट्यातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती त्यातल्या एका फाईलीत होती. कंप्युटरवर तिघं बसायचे. अंकुशराव, त्यांचा लंगोटीयार नागराज, आणि दुपारी शिवणवर्गाची नावं भरायला खुद्द अंकुशरावांची बायको रेणुकाबाई.

त्या उन्हाळ्यात अंकुशरावांना स्वतःच्या मुलीचं, मंगलचं, लग्न उरकायचं होतं. मंगल कलबुर्गीला नर्सिंग शिकत होती, शिक्षण अजून अर्धं बाकी होतं. पण चांगलं स्थळ कुणासाठी थांबत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी तिची माहिती फाईलीत भरली, पुढे 'बघणं चालू' असं लिहिलं आणि फोनची वाट बघत बसले.

फोन काही येईना. फाईल उघडून बघतात तर मंगलच्या नावापुढे 'जमलं'. जमलेल्या मुलीला कोण विचारणार? त्यांनी ते पुसून पुन्हा 'बघणं चालू' केलं. आठवडा जातो न जातो तोच परत 'जमलं'. तेवढ्यात उमरग्याचं एक शिकलेलं स्थळ दुसऱ्याच घरी गेलं. अंकुशरावांचा जळफळाट झाला.

नागराजची पुतणी मंगलच्याच वयाची, तीही नर्सिंगचीच. झालं. अंकुशरावांच्या मनात पाल चुकचुकली. नागराजनं चहा मागवला तरी हा का मागवतोय, असं त्यांना वाटू लागलं.

त्यांनी आळंदच्या कंप्युटर क्लासमधल्या स्नेहलला बोलावून आणलं. फाईल बघून ती हसली. "काका, आजवर हिच्यात जो शिरेल तो मालकच. सगळे एकाच नावानं जातायत."

तिनं त्या नावाचे सगळे अधिकार काढून घेतले आणि प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. कुणी नुसतं बघायचं, कुणी बदलायचं, तेही ठरवता येत होतं. रेणुकाबाईला शिवणवर्गाच्या यादीपुरतीच मुभा मिळाली. शिवाय कुठल्याही माहितीत शेवटचा बदल कुणी केला, त्याचं नाव खाली उमटेल अशी सोय केली.

"नागराजकाकांना काय देऊ?"

"बगायचं तेवढंच."

नागराज तिथंच बसला होता. "बगायचंच? कामून रं अंकुश?"

अंकुशराव पंख्याकडे बघत राहिले. नागराज उठला, चपला पायात सरकवल्या आणि गेला. त्यानंतर तो मंडळात फिरकला नाही.

आता अंकुशरावांना पासवर्ड हवा होता, जो या गावात कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही. रेणुकाबाईचं माहेर कानडी मुलखातलं, तिकडं ती गंगम्मा होती. लग्नात सासूनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'रेणुका' लिहिलं आणि जुनं नाव त्या मांडवातच राहिलं. तिचे आईवडील गेल्यावर त्या नावानं हाक मारायला कुणी उरलं नाही. अंकुशरावांनी तेच नाव टाकलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

पंधरवड्यानं मंगलच्या नावापुढे पुन्हा 'जमलं'. खाली बदल करणाऱ्याचं नाव होतं, अंकुशराव.

त्यांनी स्नेहलला फोन लावला.

"काका, पासवर्ड कुणाला सांगितलात?"

"कुनालाच न्हाई."

"मग ओळखू शकेल असं कोण आहे?"

अंकुशरावांनी फोन ठेवला. नागराजला ते नाव ठाऊक असायचं कारणच नव्हतं. जिला ठाऊक होतं, तिच्यावर संशय घ्यायचं या संशयी माणसाला कधी सुचलंच नव्हतं.

ते घरी आले तेव्हा रेणुकाबाई भाकरी थापत होती.

"फाईलीत तू हात घातलीस?"

"व्हय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पोरीचं शिक्षन पुरं हू द्या म्हनून वरीसभर सांगायलाव. तुमी ऐकलाव का? माजी शाळा सातवीत सुटली, मांडवात नाव बी सुटलं. तिचं तरी काई सुटू नये."

"पर पासवर्ड?"

"आदी बिरदेवाचं नाव टाकलं. उगडलं न्हाई. मग मंगलचं, मग रेणुका. उगंच माजं जुनं टाकून बगितलं." तिनं भाकरी उलटली. "उगडलं तवा लई रडू आलं मला. वाटलं, ह्यास्नी आटवतंय."

अंकुशराव आले होते भांडायला. ते उंबऱ्यावर बसून राहिले. लाज वाटत होती, आणि मुलीपेक्षा, नागराजपेक्षाही आधी, या बाईची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंगलच्या नावापुढे 'शिकायलीय, दोन वर्सं विचारू नये' असं लिहिलं. मग नागराजच्या दारात जाऊन उभे राहिले आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. आजपासून फाईलीत तूही बदल करू शकतोस, तेही सांगितलं.

नागराजनं बराच वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग बाज झटकून बसायला जागा केली.

"आता पासवर्ड तरी बदललास का न्हाई?"

"न्हाई."

"कामून?"

"तिचं नाव तेवढ्या एका जागीच ऱ्हायलंय रं," अंकुशराव म्हणाले.