इब्राहिमचाचांना ऐकू कमी का येतं

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट सांगते.

मी बरीच वर्षं पेपरात युद्धनौकांवर आणि नौदलाच्या इतिहासावर लिहिते. हल्ली मात्र वाटायचं, हे वाचतं तरी कोण?

आज दिघीहून आगरदांड्याला येताना फेरीबोटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "जहाजांवर लिहिता त्या तुम्हीच ना? फोटो बघितलाय तुमचा." त्या हमीदाबी. सोबत त्यांचे यजमान इब्राहिमचाचा, नौदलातून निवृत्त झालेले.

"यांना ऐकू कमी येतं. टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून मी रोज भांडायची," त्या सांगू लागल्या. "मग मुलीने तुमचा लेख वाचून दाखवला. जहाजाच्या बॉयलर रूममधला तो उकाडा, तो आवाज. हे तिथंच कामाला होते, कान तिथंच गेले. पण घरात कधी काय बोलले न्हाय."

मी चाचांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "चाचा, का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच न्हाय," चाचा हसले. "आता ही रोज विचारते."

आणि ते बोलतच राहिले. घामाने भिजलेली बनियन पिळून परत अंगात घालायचो, आवाजात एकमेकांशी हातवारे करून बोलायचो. हमीदाबी त्यांचा हात धरून ऐकत होत्या. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरून गेली, तरी आम्ही तिघं बसूनच.

निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण ते राहूनच गेले. म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या घरातल्या गप्प माणसाला तुम्ही कधी विचारलंत का, की तुमचं काम कसं होतं?