तिसऱ्यांदा परीक्षेला

बस आगाराच्या फाटकातून आत शिरली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणाऱ्या मिस्त्रींना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. त्यांची एकतीस वर्षं डिझेल इंजिनांत गेली होती. मग सरकारने धूर कमी करायचं मनावर घेतलं आणि शहरातल्या सगळ्या बस विजेवर चालवायचं ठरवलं. जुन्या मिस्त्रींनी परीक्षा देऊन नवं काम शिकायचं, नाहीतर टायर विभागात जायचं.

पहिल्या परीक्षेत डॉक्टर सपशेल आपटले.

“बाबा, कशाला डोक्याला ताप? चार वर्षांत निवृत्त व्हाल,” सून म्हणाली.

“चार वर्षं काय हवा भरत बसू? तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना, मग मलाही शिकव.”

रोज पहाटे ते स्वयंपाकघरात सुनेसमोर वही उघडून बसू लागले. गणित चुकलं की ती मुलांना रागवावं तशी रागवायची आणि ते निमूट ऐकायचे. दुसऱ्या खेपेला दोन गुण कमी पडले. तिसऱ्यांदा मात्र ते पास झाले.

त्या दिवशी टायर विभागातले दोघे जुने सोबती घुटमळत आले. “आम्हाला जमेल का हो?”

“जमेल की. उद्या पहाटे वह्या घेऊन घरी या. फक्त एक सांगून ठेवतो, मास्तरीण कडक आहे.”