पोट सोडायला लावणारे भाऊजी

माझे धाकटे दीर शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजण्यात गेली. माप देताना माणूस पोट आत ओढून उभा राहतो, मग तो साहेब असो की हमाल, आणि पँट घट्ट झाली की खापर शिंप्यावर. त्यावर भाऊजींचा उपाय एकच. टेप लावताना काहीतरी बोलायचं, गिऱ्हाईक हसलं की पोट सुटतं, तेवढ्यात आकडा टिपायचा. स्वतः मात्र सुतकी चेहऱ्याचे.

एकदा माझ्या नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही लोकांना हसवता तरी कसं? झालं. माणूस विचारात पडला. दुसऱ्या दिवसापासून टेप हातात घेतली की तोंडाला कुलूप. महिन्याभरात पाच पँटी परत आल्या. मला म्हणाले, हेडमास्तरांच्या निरोपसमारंभाचा सूट आलाय, तोही परत आला तर दुकान बंद करतो. तुम्ही येऊन बसा, माझं कुठे चुकतंय बघा. मी चौथी पास, मला काय कळणार कपाळ! तरी गेले.

हेडमास्तर आरशासमोर असे उभे राहिले की श्वास घेतात की नाही, शंका यावी. टेप म्हणाली अडतीस. भाऊजींनी वहीत उतरवून पाठ केलेला विनोद घडाघडा म्हटला. त्यात एक गाढव होतं, एक वकील होता, आणखीही कुणी असावं. तो कधी संपला ते मलाही कळलं नाही. हेडमास्तर ताठच.

भाऊजींनी वही उघडली, बोट ठेवून शेवटची ओळ तपासली आणि काकुळतीने म्हणाले, "सर, विनोद संपला. आता पोट सोडता का?"

हेडमास्तर आधी गोंधळले. मग असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. टेप बेचाळीसवर गेली.

ते गेल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. "वहिनी, गाढवाला हसले की वकिलाला?"

"दोघांनाही नाही."

"मग कशाला?"

तुम्हालाच हसले म्हणावं, तर तेही खरं वाटेना. आणि खरं असलं तरी सांगायची भीती, माणूस पुन्हा विचारात पडायचा. म्हटलं, आधी कापड कापा.

तो सूट काही परत आला नाही. भाऊजी अजून मधूनच विचारतात, कशाला हसले असतील हो? मी दर वेळी चहा टाकायला उठते.