खालचा चौथा स्क्रू

ठोक्यांच्या तोंडात एका वेळी चाळीस खिळे मावत. सोफ्याचं कापड बसवायचे, बारीक, टोकदार. जिभेने एकेक खिळा वळवायचा, डोकं पुढे करून दातांत धरायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तिथूनच उचलायचा आणि लाकडात ठोकायचा. डावा हात कापड ताणायला मोकळा. पस्तीस वर्षं हा ठेका चुकला नाही. म्हणून नाव पडलं ठोके. खरं आडनाव सांगायला बायकोलाही क्षणभर थांबावं लागे.

दातांनी मात्र साथ सोडली. पुढचे झिजून तुटले, मागच्यांच्या हिरड्या पिकल्या. साठीला तोंडाचं बोळकं झालं. मग कवळी आली. वरची कशीबशी चिकटून राही. खालची म्हणजे पाण्यावरची होडी. जीभ खिळा वळवायला उठली की कवळीही उठे. एकदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ती पाच खिळ्यांसकट नव्या मखमलीवर पडली. गिऱ्हाईक सभ्य होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिलं.

"भावोजी, माझी बंदूक घ्या," मेव्हणा म्हणाला. बायकोचा हा धाकटा भाऊ दुकानात भागीदार होता. त्याच्याकडे हवेच्या जोरावर पिना मारणारी बंदूक होती. "दिवसाला दोन सोफे निघतात."

"आणि वर्षभरात परत येतात," ठोके म्हणाले.

बोलले खरे, पण त्यांचं काम मंदावलं होतं. खिळे डबीत, डबी बाकावर. प्रत्येक खिळ्यासाठी मान खाली घालायची, तेवढ्यात ताणलेलं कापड ढिलं पडायचं. एका खुर्चीला दोन दिवस लागू लागले. शेवटी बायकोच त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होती, त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने कागदावर जबडा काढून दाखवला. वर चार, खाली चार, असे आठ स्क्रू हाडात बसवायचे. त्यांवर लगेच तात्पुरते दात. चार महिन्यांत हाड स्क्रूला धरून घेतं. मग कायमचे.

"मग खिळे धरता येतील?"

"आधी हाडाला स्क्रू धरू द्या, काका. तोवर जिभेने चेपेल तेवढंच खायचं. सुपारी नाही, नख नाही, आणि खिळा तर नाहीच. स्क्रू हलला की हाड धरत नाही."

शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून बायकोने सगळं घोटायला घेतलं. भाज्या, डाळी, फळं. स्वतःही तेच खाऊ लागली. "दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार?" म्हणाली. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते.

अकराव्या आठवड्यात दुकानात एक जुनी खुर्ची आली. तिच्या पाठीच्या आतल्या कोपऱ्यात बंदूक शिरेना. मेव्हण्याने हाक मारली. "भावोजी, हे तुमचंच काम. आम्ही हरलो."

हे ऐकून ठोके सुखावले. त्यांनी हातोडी काखेत धरली आणि कापड दोन्ही हातांनी ताणलं. बोटांतला खिळा अडचण करत होता. तो तोंडात कधी गेला, कळलंही नाही. जित्याची खोड. जिभेने तो वळवलासुद्धा. एवढ्यात कापड निसटू लागलं. त्यांनी जोर लावला आणि जोराबरोबर जबडा आवळला.

कट्.

खिळा आडवा झाला होता. खाली, उजवीकडे. कळ कानापर्यंत गेली. त्यांनी खिळा काढला, पुसला, ठोकला. कोपरा पुरा केला.

"काय झालं?" मेव्हण्याने विचारलं.

"काही नाही. कापड चांगलंय."

घरी आरशात पाहिलं. तात्पुरत्या दाताला बारीक खाच पडली होती. दुखणं दोन दिवसांत बसलं. पण आत काहीतरी जागचं सुटलंय, हा संशय बसेना. डॉक्टरला सांगायला दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. डॉक्टर रागावेल याची भीती नव्हती. बायको रागावणार नाही, याची होती. ती नुसती पुन्हा घोटायला बसली असती.

"उजवीकडून का खात नाही हो?" तिने एकदा विचारलंच.

"खायचंय काय त्यात? गिळायचं तर आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटी पुन्हा भरली.

चार महिने भरले. तपासणीला दोघं सकाळीच गेली. बायको दाराजवळच्या स्टुलावर बसली. तिथून तिला ठोक्यांचे फक्त पाय दिसत. डॉक्टरने तात्पुरते दात उतरवून बाजूला ठेवले. हातात एक लहानसा पाना घेतला.

"आता प्रत्येक स्क्रूला ताण देऊन बघते. ठरलेला जोर लागला की पाना टक् करतो. दुखलं नाही, म्हणजे हाडाने धरलं. दुखलं तर डावा हात वर करा. आणि लपवू नका, काका. कच्च्या स्क्रूवर कायमचे दात बसवले तर एकामुळे सगळं उतरवावं लागतं."

वरचे चार. टक्, टक्, टक्, टक्.

"ऐकलंत ना काकू? वरचे चारही पक्के."

"ऐकलं." बायकोचा आवाज बारीक झाला होता.

खालचा पहिला, दुसरा, तिसरा. काही नाही. डॉक्टरने पाना चौथ्यावर ठेवला. टक् व्हायच्या आधीच कळ आली. तीच, कानापर्यंत. ठोक्यांच्या बोटांनी खुर्चीचा हात आवळला. मग टक् झालं.

"दुखलं?"

त्यांची मान नकारार्थी हलली. त्यांनी हलवली नाही, हलली.

डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग दातांचं माप घ्यायचा मसाला मळायला वळली. "काकू, महिनाभरात कायमचे दात."

"मग काय काय खाता येईल?"

"सगळं."

"सफरचंद? न कापता?"

"न कापता."

बायको हसली. "मीपण खाईन मग. चव विसरले मी त्याची."

मसाल्याने भरलेला साचा तोंडात बसला. "पाच मिनिटं. हलायचं नाही," डॉक्टर म्हणाली.

मसाला गार होता. हळूहळू घट्ट होऊ लागला. ठोक्यांना त्याचं घट्ट होणं जाणवत होतं. तो आवळून बसला की माप पक्कं. मग त्या मापाचे दात. मग सफरचंद. मग कधीतरी, तिच्यासमोर बसून खाताना, तोच कट् आवाज. तेव्हा ती म्हणेल, अहो, हे कशाने झालं? आणि तेव्हाही ते म्हणतील, काही नाही.

त्यांनी डावा हात वर केला.

"मळमळतंय का? नाकाने श्वास घ्या, काका."

हात वरच.

"झालंच. दोनच मिनिटं."

हात वरच. बायको स्टुलावरून उठली. "डॉक्टर, काढा ते. त्यांना काहीतरी सांगायचंय. उगाच हात वर करणाऱ्यांतले नाहीत ते."

साचा निघाला. दातांवाचून शब्द मऊ झाले होते, पण कळले. "खालचा चौथा. मघाशी दुखला. खिळा चावला होता मी."

"कसला खिळा?" बायकोने विचारलं.

"सोफ्याचा."

"कधी?"

"पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे!" ती म्हणाली, आणि पुढे तिची जणू दातखीळच बसली.

डॉक्टरने चौथा स्क्रू पुन्हा तपासला. या वेळी अगदी सावकाश. "फिरतोय. केसभर."

"गेला?"

"आज नाही सांगता येणार. त्याच्यावरचा भार काढते. त्या बाजूचे तात्पुरते दात कापून आखूड करते. तीन महिने वाट बघू. कधी कधी हाड पुन्हा धरतं. नाही धरलं तर तो काढून नवा बसवायचा."

"आणि मी गप्प बसलो असतो तर?"

"मी त्याच्यावर दात बांधले असते," डॉक्टर म्हणाली, आणि तात्पुरते दात घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथून यंत्राची घरघर येऊ लागली.

बायको खुर्चीजवळ आली. ठोक्यांनी ओठ मिटून घेतले. रिकामं तोंड त्यांनी तिला कधी दाखवलं नव्हतं. कवळी धुवायची तीही दार लावून.

"उघडा," ती म्हणाली.

"राहू दे गं."

"उघडा म्हणते ना."

त्यांनी तोंड उघडलं. तिने स्वतःच दिवा खाली ओढला. गुलाबी हिरड्यांतून आठ चकचकीत टोकं बाहेर आली होती. ती वाकून बघत राहिली.

"कुठला?"

त्यांनी जिभेने दाखवला.

"आत्ता दुखतोय?"

"नाही. पाना लावला की."

"खरं?"

"खरं."

तिने मान डोलावली. "म्हणजे आणखी तीन महिने."

"तू तुझं वेगळं करून खा आता."

"माझं मी बघेन. तुमच्या खिळ्यांची डबी आजपासून माझ्या भावाकडे."

"त्या बंदूकवाल्याकडे?"

"त्याच्याचकडे."

ठोके यावर बरंच काही बोलले असते, पण ती अजून वाकून बघत होती. आतलं यंत्र थांबलं. डॉक्टर बाहेर आली. हातातले दात उजवीकडे आखूड झाले होते.

"काका, तोंड उघडा," ती म्हणाली.

ते उघडंच होतं.