शिंकेपर्यंतचं संगीत

मी निघाले त्या दिवशी सोलापूर स्टेशनच्या फलाटावर नाना माझ्या कानाशी वाकून ओरडले, "पोचल्यावर फोन कर की!" आजूबाजूची माणसं दचकून वळली. गाडी अजून लागायची होती, सगळं शांत होतं. पण माझ्या वडिलांना बोलायची तेवढी एकच पट्टी ठाऊक. पुढच्या खोलीत आम्ही आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, अशा घरात हळू बोललेलं वायाच जायचं. घरची बोली तेलुगू, निम्मी मराठी, आणि दोन्ही टिपेला.

कॅनडात कॅल्गरीला आले आणि अपार्टमेंटच्या पातळ भिंतींनी मला हळू बोलायला शिकवलं. आता मीटिंगमध्ये मलाच 'जरा मोठ्यानं बोल' म्हणतात. सोलापूरच्या पोरीला! हसावं की रडावं कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हा शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक जुनी क्लिप टाकली. आपण लहान असताना दर आठवड्याला लागायची, त्या विनोदी मालिकेची सुरुवात. तुम्हालाही आठवत असेल. एक हात खडूनं घर काढतो, क्लॅरिनेट वाजू लागतं, एकेका खिडकीतून एकेक माणूस डोकावतो आणि त्याच्या हनुवटीखाली नटाचं नाव उमटतं. शेवटी गच्चीवरचे आजोबा सणसणीत शिंकतात, छप्पर उडतं आणि आभाळातून मालिकेचं नाव खाली पडतं. बाहेर बर्फ पडत होता, लॉन्ड्री ड्रायरमध्ये फिरत होती, आणि मी किचनमध्ये उभ्या उभ्या रडले.

ग्रुपवर सगळ्यांना त्यातले विनोद आठवत होते. मला एकही आठवेना, कारण ती मालिका आम्ही कधी ऐकलीच नव्हती. माग चालू असले की टीव्ही मुका. अर्धा तास माग बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, टॉवेलांचा माल व्यापाऱ्याकडे वेळेवर पोचवावा लागे. पण नानांना त्या क्लॅरिनेटचा भारी नाद. म्हणून ते नुसत्या सुरुवातीच्या संगीतापुरते चारही माग थांबवायचे. "ऐकायचं तेवढं गाणं, बाकीचं नुसतं बघायचं," असा आमच्या घरचा कायदा.

त्यात एक सवलत होती. शिंक झाल्या झाल्या कामाला हात घालणं आमच्याकडे अशुभ. मग ती शिंक टीव्हीतल्या आजोबांची का असेना! "दमा जरा, शिंकलाय त्यो," असा नानांचा आवाज यायचा, आणि तेवढ्यात आम्हा भावंडांना कथेतलं पहिलं वाक्य ऐकायला मिळायचं. मग खडखडाट. पुढचं सगळं अम्मा रचायची. मांडीवरच्या सुपात विड्या वळता वळता, पडद्यावरच्या ओठांकडे बघून ती संवाद ठोकून द्यायची. "बघा, ती म्हणतीया, सासूबाई, तुमची कवळी मीच लपवली!" आम्ही हसून लोळायचो.

पुढे माग भंगारात गेले, नाना-अम्मा सोलापूरबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहायला गेले. नानांचे कानही त्या मागांनीच नेले. फोनवर मी काहीही बोलले तरी त्यांचं ठरलेलं, "जेवलीस का? बरं बरं." कानाचं यंत्र त्यांना नको. "जलमभर यंत्राजवळ कान दिला, आता कानाजवळ यंत्र कशाला?" वर हेच ऐकवतात.

यंदा मी गेले ती एकच गोष्ट मनाशी धरून. ते एक मिनिट नानांना परत द्यायचं. आवाज नाही पोचला तरी चित्र बघून आठवेल, असं मला वाटलं होतं. टीव्हीला फोन जोडला, आवाज पार वर नेला आणि नानांना समोर बसवलं. खडूचं घर पुरं झालं, खिडक्या उघडल्या. नानांनी चष्मा सारखा केला आणि कौतुकानं म्हणाले, "चांगलं हाय की. नवीन लागलंय व्हय?"

मी अम्माकडे पाहिलं.

"नवीन कुटलं! त्यो शिंकायचा न्हाय का म्हातारा?" अम्मा त्यांच्या कानात ओरडली. नाना एकदम पुढे सरकले. "ह्ये व्हय ते? असं दिसायचं व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मागांचं बटण शेडच्या मागल्या भिंतीला होतं. आम्ही टीव्हीपुढे मांडी घालून बसायचो तेव्हा नाना तिथे बटणावर हात ठेवून उभे असायचे. ते संगीत त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पाहिलं एकदाही नव्हतं. आणि आता दिसत होतं, तर ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं आमच्यातल्या एकानंही मागे वळून पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

"पुढं काय व्हायचं गं?" नानांनी विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं! मग मी अख्खा भाग लावला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, नानांच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. त्या घरातल्या थोरल्या मुलाच्या लग्नाचा घोळ होता, आणि तो पुढच्या भागात सुटायचा होता. नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारीण धावत दारात आली, "काय झालं ओ, भांडण लागलं का काय?"

"न्हाय ओ," अम्मा म्हणाली, "लेक आलीया."

तिथून निघेपर्यंत आमचा तेवढा एकच भाग झाला. पत्र्याची शेड राहिली नाही, जुन्या गल्लीत आता मला कुणी ओळखत नाही, आणि कुंभारीचं ते घर माझं म्हणावं इतके दिवस मी तिथे कधी राहिलेच नाही. जिथे नानांच्या कानाशी तोंड नेता येतं, तेवढीच जागा मला घर वाटते. परवा फोनवर अम्मा सांगत होती, मालिकेतल्या थोरल्याचं लग्न जमलं का मोडलं म्हणून नाना रोज विचारतात. विडीच्या तंबाखूनं तिचा घसा बसलाय, ओरडणं तिला झेपत नाही. लेक आली की सांगंल, असं ती त्यांना खुणेनं समजावते. मला पुढच्या वर्षाशिवाय रजा नाही, आणि नानांनी ऐंशी ओलांडलीय.